पहारा हवा, पण खोळंबा नको

“मॅडम, सिस्टिम आज फारच स्लो आहे. ते सिक्युरिटीचं काय आहे, ते थोडा वेळ बंद करता येईल का?” रुग्णालयाचं नेटवर्क सांभाळायचं म्हटलं की हा प्रश्न ठरलेलाच. विचारणाऱ्या डॉक्टरांचं किंवा सिस्टरचं काही चुकत नाही. समोर पेशंट ताटकळलेला असतो आणि स्क्रीनवर चक्र फिरत असतं. मी बंद करत नाही. पण नुसतं ‘नाही’ म्हणून माझी जबाबदारी संपत नाही. पहाऱ्यामुळे उपचार खोळंबत असतील, तर तो पहारा मीच सुधारायला हवा.

नेटवर्कवरून जाणारा मजकूर पॅकेट नावाच्या लहान तुकड्यांत विभागलेला असतो. १९९८ साली मार्टिन रॉश यांनी लिहिलेला स्नॉर्ट किंवा त्यानंतर आलेला सुरिकाटा हे स्कॅनर प्रोग्रॅम असं प्रत्येक पॅकेट हल्ल्याच्या खुणा सांगणाऱ्या हजारो नियमांशी ताडून बघतात. आता वेळेचा हिशेब बघा. एक गिगाबिटची लाइन सर्वांत लहान पॅकेटांनी भरली, तर सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार पॅकेटं येतात. म्हणजे एका पॅकेटच्या वाट्याला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळ येतो. लाइन दहा गिगाबिटची असेल तर त्याच्याही एक दशांश. रोजच्या कामातली पॅकेटं याहून मोठी असतात, त्यामुळे थोडी उसंत मिळते. पण हल्लेखोर मुद्दाम लहान पॅकेटांचा भडिमार करू शकतो.

एवढ्या वेळात हजारो नियम एकेक करून तपासणं अशक्यच. इथे कामी येते आल्फ्रेड अहो आणि मार्गारेट कोरासिक यांनी १९७५ साली मांडलेली रीत. ती मुळात ग्रंथसूचीतून शब्द शोधण्यासाठी होती. मजकूर एकदाच वाचायचा आणि त्या एका वाचनात यादीतले सगळे शब्द शोधायचे. स्कॅनर आधी अशी ढोबळ चाळणी लावतो. एखाद्या नियमातला खास शब्द सापडला, तरच तो नियम पुरता तपासतो. बाकीची पॅकेटं पुढे जातात.

तरीही स्कॅनर मागे पडतोच. तो वाहतुकीची नुसती प्रत बघत असेल, तर काही पॅकेटं न तपासताच सुटतात. वापरणाऱ्याला काही जाणवत नाही, म्हणून हे जास्त धोक्याचं. सुटलेल्या पॅकेटांचा आकडा मी सकाळी ओपीडी सुरू होताना आवर्जून बघते. स्कॅनर थेट वाटेत बसवलेला असेल, तर मात्र वाहतूकच तुंबते. अशा वेळी सगळं न तपासता सोडायचं की सगळं अडवायचं, हे आधीच ठरलेलं असावं लागतं.

नियम चांगल्या हेतूने लिहिला म्हणजे तो निर्धोक असतो, असं नाही. क्लाउडफ्लेअर ही कंपनी जगभरातल्या लाखो वेबसाइटच्या पुढे उभी राहून त्यांच्याकडे येणारी वाहतूक तपासते. २ जुलै २०१९ रोजी तिने घातक जावास्क्रिप्ट ओळखण्यासाठी नवे नियम लावले, तेही चाचणीपुरते: अडवायचं काही नाही, फक्त नोंद करायची. त्यातल्या एका नियमाचा गाभा असा होता: काहीही, पुन्हा काहीही, मग बरोबरचं चिन्ह, मग काहीही. दोन ‘काहीही’ लागोपाठ आले, की पहिल्याने किती अक्षरं घ्यायची आणि दुसऱ्याने किती, याच्या जोड्या संगणक एकामागून एक लावून बघतो. ‘क=क’ एवढ्यासाठी २३ पायऱ्या लागतात. चिन्हापुढे वीस ‘क’ आले, की ५५५. चिन्हच नसेल, नुसते वीस ‘क’ असतील, तर ‘जुळत नाही’ हे कळायला ४,०६७ पायऱ्या.

जगभरातल्या त्यांच्या सर्व्हरचे प्रोसेसर शंभर टक्के गुंतून पडले. २७ मिनिटं असंख्य वेबसाइट उघडेनात. हल्लेखोर कुणीच नव्हता. शेवटी ती तपासणी जगभर बंद केली, तेव्हा गाडी रुळावर आली. असा नियम प्रोसेसर खाऊ लागला तर त्याला रोखणारी एक तरतूद पूर्वी होती. तपासणीचा प्रोसेसरवरचा भार कमी करण्यासाठी काही आठवड्यांपूर्वी बदल केले गेले, त्यात ती चुकून निघून गेली होती. कंपनीने हे सगळं स्वतःहून जाहीर केलं, याबद्दल मला आदर वाटतो. वेग वाढवण्याच्या कामात सुरक्षेची एक कडी निखळली आणि सुरक्षेच्या कामात वेग गेला. म्हणून नवा नियम लावताना तो काय पकडतो याबरोबरच त्याला किती वेळ लागतो, हेही मोजलंच पाहिजे.

आमच्याकडे सर्वांत जड वाहतूक सीटी स्कॅनची. एक प्रतिमा साधारण अर्धा एमबीची, आणि एका तपासणीत अशा शेकडो. सीटी मशीनकडून प्रतिमांच्या सर्व्हरकडे जाणारा हा रस्ता ओळखीचा आहे: दोन्ही टोकं ठरलेली, पोर्ट ठरलेला. त्या प्रतिमांची आतून तपासणी मी काढून टाकली. मात्र त्याच मशीनने दुसऱ्या कुठल्याही संगणकाशी बोलायचा प्रयत्न केला, तर तो अडवला जातो आणि तत्काळ सूचना येते. ईमेल, इंटरनेट आणि बिलिंगच्या टेबलांवरची तपासणी पूर्ण कडक आहे. प्रतिमा आता लवकर पोचतात आणि वाचलेली ताकद जिथे खरा धोका आहे तिथे वापरता येते.

अशा वाटा वेगळ्या ठेवणं किती मोलाचं आहे, हे नोव्हेंबर २०२२ मध्ये दिसलं. दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर रॅन्समवेअरचा, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमचा, हल्ला झाला आणि रुग्णांच्या नोंदी हाताने कागदावर लिहाव्या लागल्या. नेटवर्कचे विभाग नीट पाडलेले नव्हते, हे त्यामागचं कारण सरकारने संसदेत सांगितलं. स्कॅनर कितीही ताकदीचा असो, एका खोलीतून सगळ्या खोल्यांत जाता येत असेल तर तो पुरा पडत नाही.

पतसंस्था, शाळा आणि लहान दवाखानेही आता अशी तपासणी करणारं यंत्र, म्हणजे फायरवॉल, घेऊ लागले आहेत. माहितीपत्रकात वेगाचे दोन-तीन आकडे असतात. मोठ्या अक्षरातला आकडा बहुतेक वेळा सखोल तपासणी बंद ठेवून काढलेला असतो. सगळ्या तपासण्या चालू असताना मिळणारा वेग त्याच्या बराच खाली असतो. विक्रेत्याकडून तो दुसरा आकडा लेखी मागा आणि तुमच्या सर्वांत गर्दीच्या तासाला पुरेल एवढं यंत्र घ्या. कमी ताकदीचं यंत्र घेतलं, की पहिल्याच गर्दीत कुणीतरी तपासणी बंद करतं, आणि ती पुन्हा चालू करायची आठवण कुणालाच राहत नाही.