पाचूच्या हिरव्या रंगाची एक भिंत

गडद पाचू रंग घरात लावायला लोक उगाच घाबरतात. 19व्या शतकात मात्र भीतीला खरं कारण होतं! 1814 पासून जर्मनीतल्या श्वाइनफुर्टमध्ये बनणारा हा रंग तांबं आणि आर्सेनिकपासून तयार व्हायचा, आणि युरोपातल्या घरांत त्याचे विषारी वॉलपेपर सर्रास लागले होते. आजच्या भिंतींच्या रंगात ते आर्सेनिक नसतं, तेव्हा बिनधास्त लावा.

फक्त हा रंग उजेड शोषतो, म्हणून चारही भिंती नकोत. सोफ्यामागची एक पुरे. फिनिश मॅटच घ्या, चकाकीत पुट्टीचे उंचवटे दिसतात. जोडीला पितळ आणि सागवान काय खुलतं! आधी छोटा डबा आणून भिंतीच्या तुकड्यावर दोन हात मारा, दिवसा आणि रात्री दिव्यात बघा, मगच पेंटरला बोलवा.