वाचनशिक्षणांतील प्रयोगांची फेरतपासणी

वाचन शिकविण्याची एखादी पद्धति एका शाळेंत फळली म्हणजे आपण ती सिद्ध मानतों. आम्हां मास्तरांना तर हा उत्साह फार लवकर चढतो! वस्तुतः तो एकाच साक्षीदाराचा जबाब होय. श्रेय पद्धतीचें, कीं हौशी शिक्षकाचें, हें दुसऱ्या हातीं तोच प्रयोग केल्यावांचून कळत नाहीं.

मुंबईच्या ‘प्रथम’ संस्थेचें उदाहरण घ्या. २००१ ते २००३ या काळांत मुंबई व बडोदें येथें तिच्या ‘बालसखी’ मागें पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळें शिकवीत. मुलांचे एकंदर गुण वाढले. मुलाला इयत्तेप्रमाणें नव्हे, त्याच्या पातळीवरून शिकवावें, ही मूळ कल्पना. तीच पुढें बिहार व उत्तराखंडांत नेहमींच्या शिक्षकांना प्रशिक्षण व पुस्तकें देऊन शाळेच्या वेळेंत राबविली. फळ जवळजवळ शून्य. पद्धतीला नांवें ठेवून येथेंच थांबणें सोपें होतें. परंतु २०१२-१३ मध्यें हरियाणांत रोजचा एक तास राखून पातळीप्रमाणें गट पाडले, तेव्हां सरकारी शिक्षकांच्याच हातीं मुलांचें हिंदी सुधारलें. गुण नुसत्या पुस्तकांत नव्हता; राखलेल्या तासांत, गटांत व देखरेखींत होता.

आमच्या खराडींत परप्रांतीय कुटुंबांचीं मुलें पुष्कळ. २०२० च्या कायद्यानें त्यांना मराठी अनिवार्य झाली. त्यांच्यासाठीं ‘हमखास’ पद्धति घेऊन येणाऱ्यास मी एवढेंच विचारीन: दुसऱ्या शाळेंत, दुसऱ्या शिक्षकानें, हें करून पाहिलें काय?