चाकाचा कोन आणि चाकाचा तोल : वऱ्हाडातल्या रस्त्यांवर स्पोर्ट्स कार

व्हील अलाइनमेंट आणि व्हील बॅलन्सिंग ही नावे टायरच्या दुकानाच्या पाटीवर नेहमी जोडीने लिहिलेली असतात, पण ही दोन अगदी वेगळी कामे आहेत. चारही चाके गाडीच्या सांगाड्याशी, एकमेकांशी आणि रस्त्याशी कोणत्या कोनात उभी आहेत हे मोजून ते कोन जागेवर आणणे म्हणजे अलाइनमेंट. रिम आणि टायर मिळून तयार झालेल्या चाकाचे वजन आसाभोवती सारखे वाटलेले आहे की नाही हे पाहणे आणि जिथे कमी पडते तिथे छोटे वजन लावणे म्हणजे बॅलन्सिंग. गिऱ्हाईक जी तक्रार घेऊन येते तिच्यातच बहुतेक वेळा निदान असते. ‘गाडी डावीकडे वढून राह्यली’ ही तक्रार कोनाकडे बोट दाखवते, तर ‘ऐंशीच्या वर स्टेरिंग थरथरून राह्यलं’ ही तोलाकडे.

साध्या गाडीत या दोन्ही कामांतली बारीक चूक बरीचशी पचून जाते. उंच टायर आणि मऊ रबरी बुश ती सोसून घेतात. स्पोर्ट्स कारमध्ये सोसायला फारसे काही उरलेले नसते. तिचा टायर रुंद असतो आणि त्याची बाजूची भिंत बुटकी असते. २३५/४० मापाच्या टायरमध्ये रिमची कड आणि रस्ता यांच्यात जेमतेम ९४ मिलिमीटर रबर असते. बुश कडक असतात, स्टिअरिंगचा प्रतिसाद तत्काळ असतो. शिवाय वजनाची मांडणी वेगळी. पोर्शे ९११ मध्ये इंजिन मागच्या आसाच्याही मागे असते. दिलीप छाब्रिया यांच्या डीसी कंपनीने २०१२ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत मांडलेल्या ‘अवंती’त ते बैठकीच्या मागे होते. अशा गाडीत वळणावर ताबा राहतो की सुटतो हे मुख्यतः मागची चाके ठरवतात, त्यामुळे फक्त पुढची दोन चाके जुळवून देण्याची जुनी रीत तिथे उपयोगाची नाही.

वऱ्हाडात यात जमिनीची भर पडते. अमरावती, बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू, अकोला हा सगळा पट्टा काळ्या कापूसमातीचा. बेसाल्ट खडकापासून झालेल्या या मातीतली चिकणमाती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात मातीत सोडियमचे प्रमाण जास्त असल्याने हा स्वभाव आणखी तीव्र होतो. वर डांबर कितीही चांगले टाकले, तरी खालचा भराव नीट नसेल तर दोनचार पावसाळ्यांत रस्ता लाटांसारखा वरखाली होतो. अमरावती-अकोला महामार्ग, म्हणजे आधीचा क्रमांक ६ आणि आताचा ५३, कित्येक वर्षे खड्ड्यांसाठी बदनाम होता. जून २०२२ मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणासाठी राजपथ इन्फ्राकॉन या कंपनीने याच मार्गावर एकपदरी ७५ किलोमीटर लांबीचा सलग डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. ३ जूनला सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी सुरू झालेले हे काम ७ जूनला संध्याकाळी ५ वाजता संपले. शिवाय अमरावती जिल्ह्याच्या धामणगाव, चांदूर रेल्वे आणि नांदगाव खंडेश्वर तालुक्यांतून आता समृद्धी महामार्ग जातो. तिथे मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. वेग सलग टिकू लागला आणि एरवी खड्ड्यांत लपून जाणारे चाकांचे दोष उघडे पडू लागले.

अलाइनमेंटमधल्या कोनांपैकी टायर सर्वांत जास्त खातो तो टो. गाडीकडे वरून पाहिले तर समोरची दोन चाके पुढच्या टोकाला किंचित आत वळलेली असतात किंवा किंचित बाहेर. आत वळलेली असली तर टो-इन, बाहेर असली तर टो-आउट. हा कोन इतका लहान असतो की नुसत्या नजरेला तो दिसत नाही, आणि म्हणूनच त्याची किंमत लक्षात येत नाही. एखादे चाक गाडीच्या दिशेपासून केवळ पाव अंश वळलेले असेल, तर ते प्रत्येक किलोमीटरला सुमारे ४.४ मीटर आडवे फरफटते. अमरावतीहून अकोल्यापर्यंतच्या सुमारे शंभर किलोमीटरच्या प्रवासात हे आडवे घासणे चारशे मीटरांच्या पुढे जाते, आणि ते स्पोर्ट्स कारच्या मऊ, महागड्या रबराचे. टो बिघडल्याची खूण हाताला कळते. टायरच्या नक्षीवरून तळवा आडवा एका दिशेने फिरवला तर ती गुळगुळीत लागते आणि उलटा फिरवला की करवतीच्या दातांसारख्या कडा टोचतात. ही परीक्षा फुकट आहे, आणि कोणत्याही यंत्राआधी ती व्हायला हवी.

कॅम्बर म्हणजे समोरून पाहताना चाकाचा उभेपणा. वरचे टोक गाडीकडे झुकले की तो ऋण. वळणावर गाडीचे अंग बाहेर कलते आणि बाहेरच्या चाकावर भार येतो. आधीच थोडा ऋण कॅम्बर दिलेला असला तर नेमक्या त्या क्षणी टायर पूर्ण रुंदीने रस्त्यावर टेकतो. म्हणून रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारला साधारण एक ते दोन अंश ऋण कॅम्बर असतो आणि शर्यतीच्या मैदानावर तीन अंशही देतात. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढणाऱ्या घाटात त्याचा खरा फायदा दिसतो. पण मूर्तिजापूरच्या सरळ, सपाट रस्त्यावर तोच कॅम्बर टायरची आतली कड गुपचूप खातो. गाडी बुटकी, टायर रुंद, त्यामुळे बाहेरून नक्षी नवी दिसते आणि आतून तारा निघालेल्या असतात. गाडी लिफ्टवर घेतल्याशिवाय किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवून वाकून पाहिल्याशिवाय हे कळत नाही. मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटारीच्या टायरवर किमान १.६ मिलिमीटर खोल नक्षी हवी. ती मोजताना बाहेरच्या कडेवर समाधान मानणे धोक्याचे आहे. ज्याची गाडी वर्षातून दोनदा घाट चढते आणि एरवी सपाटीवर धावते, त्याने मैदानावरचे आकडे मागू नयेत. कंपनीने दिलेल्या मर्यादेतला सौम्य कॅम्बरच त्याच्या हिताचा.

कॅस्टर हा तिसरा कोन. सायकलचा पुढचा चिमटा जसा मागे कललेला असतो, तसाच चाक वळण्याचा अक्ष मागे कललेला असतो आणि त्यामुळे वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होते. दोन बाजूंच्या कॅस्टरमध्ये फरक पडला की गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते. चौथा आहे थ्रस्ट अँगल, म्हणजे मागची दोन चाके मिळून गाडीला ज्या दिशेने ढकलतात ती दिशा. ती मध्यरेषेपासून ढळली तर गाडी सरळ जाते, पण स्टिअरिंग तिरके धरावे लागते. पुढची चाके कितीही वेळा जुळवली तरी हा दोष जात नाही.

मोजणीसाठी आता थ्रीडी यंत्रे आहेत. चारही चाकांवर परावर्तक फलक अडकवतात आणि समोरचे कॅमेरे ते वाचतात. अमेरिकेतली हंटर ही या क्षेत्रातली जुनी कंपनी. भारतात पुदुच्चेरीची मॅनाटेक अशी यंत्रे बनवते. मात्र शर्यतीचे संघ आजही गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर दोऱ्या ताणून टो मोजतात, आणि नीट हाताने केले तर ते माप खोटे ठरत नाही. यंत्र कोणतेही असो, तयारी हा निम्मा भाग. आधी चारही टायरमध्ये थंड अवस्थेत ठरलेली हवा. अकोल्याच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, आणि दर पाच-सहा अंशांना दाब जवळपास एक पीएसआय वाढतो. भर दुपारी उन्हात उभ्या गाडीची हवा मोजून ती कमी करणे ही चूक इथे वारंवार होते, कारण पहाटे तोच टायर कमी हवेवर धावतो. मग गाडी उचलून चाक वरखाली आणि आडवे हलवून पाहायचे. टाय रॉड, बॉल जॉइंट, लोअर आर्मचा बुश किंवा बेअरिंग यांत खेळ असेल तर अलाइनमेंट करण्यात अर्थच नाही. पडद्यावरचे आकडे हिरवे होतील आणि पहिल्या गतिरोधकावर पुन्हा बिघडतील.

त्यानंतर गाडी थोडी मागेपुढे ढकलून रिमच्या डगमगीची भरपाई यंत्राला कळवतात. पुढची चाके फिरत्या तबकड्यांवर असतात. काही उत्पादक चालकाच्या वजनाइतका भार बैठकीवर ठेवायला आणि इंधनटाकी ठरावीक भरलेली ठेवायला सांगतात, कारण गाडी खाली बसली की कॅम्बर आणि टो दोन्ही सरकतात. समायोजन मागून सुरू होते. आधी मागचा कॅम्बर, मग मागचा टो. त्यानंतर पुढच्या चाकांचा कॅस्टर, कॅम्बर आणि सर्वांत शेवटी टो, स्टिअरिंग सरळ धरून कुलूपबंद केल्यावर. हा क्रम बदलता येत नाही, कारण कॅम्बर हलवला की टो हलतोच. शेवटी स्टिअरिंगचा कोन सांगणाऱ्या सेन्सरला नवा शून्यबिंदू द्यावा लागतो, नाहीतर स्थिरतेवर देखरेख करणारी यंत्रणा चुकीच्या वेळी ब्रेक लावू शकते. ज्या गाडीत कॅम्बरला समायोजनच दिलेले नाही, तिचा स्ट्रट जॅक लावून वाकवण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो. तो बंद व्हायला हवा. वाकवलेला धातू आपली ताकद गमावतो, आणि ती कमी झाल्याचे कुठल्याच पडद्यावर दिसत नाही.

बॅलन्सिंगचे गणित वेगाचे आहे. १८ इंची रिमच्या कडेला २० ग्रॅमची तफावत असेल, तर ताशी १२० किलोमीटरला ती सुमारे पाच किलो वजनाइतक्या जोराने चाकाला बाहेर खेचते, आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला, म्हणजे सेकंदाला सोळा-सतरा वेळा. हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० ला तो सव्वा किलोच असतो. गावात न जाणवणारी थरथर महामार्गावर उमटते ती यामुळे. पुढच्या चाकाची थरथर हाताला कळते, मागच्याची बैठकीला. ती बराच काळ तशीच राहिली तर टायरवर ठिकठिकाणी वाटीसारखे खळगे पडतात.

अरुंद चाकाला एका पातळीत तोल दिला तरी चालून जाते. रुंद चाकाला आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही पातळ्यांत वजन लागते. नाहीतर जड बाजू आत आणि हलकी बाहेर राहून चाक फिरताना डोलते. ९११ कॅरेराच्या आताच्या पिढीत मागचा टायर २९५ मिलिमीटर रुंद आहे, तिथे ही काळजी अटळ. नवा टायर चढवताना त्यावरचा पिवळा ठिपका हवेच्या वॉल्व्हसमोर आणला तर मुळातच कमी वजन लागते, कारण ठिपका टायरची हलकी जागा दाखवतो आणि वॉल्व्ह रिमची जड. पोलादी रिमच्या कडेला वजन ठोकून बसवतात, अलॉयला ते चिकटवतात. चिकटवण्याआधी रिमवरची ब्रेकची काळी भुकटी आणि तेलकटपणा पूर्ण पुसायलाच हवा. वऱ्हाडी उन्हात आणि ब्रेकच्या उष्णतेत अर्धवट चिकटलेली पट्टी सुटते, आणि कालपर्यंत ठीक असलेली गाडी अचानक थरथरू लागते. मोठ्या ब्रेक कॅलिपरला जाड वजन घासणार नाही हेही बसवण्याआधी पाहतात. युरोपीय संघात मोटारींसाठी शिशाची वजने २००५ पासून बंद आहेत. त्यांची जागा जस्त आणि पोलादाने घेतली.

कधी कधी यंत्र शून्य दाखवते आणि गाडी तरीही थरथरते. अशा वेळी आणखी वजने चिकटवत बसू नये. खड्ड्यात आपटून रिमची आतली कड वाकलेली असू शकते, किंवा टायरचा एखादा भाग बाकीच्यापेक्षा कडक. वजनाचा तोल बरोबर, आकार चुकीचा. टायरवर रोलर दाबून फिरवणारी यंत्रे हा दोष पकडतात. ते यंत्र नसेल तर फिरत्या रिमच्या कडेजवळ स्थिर सुई धरली तरी वाकलेल्या रिमचे अंतर कमीजास्त होताना दिसते.

काम झाल्यावर गाडी रस्त्यावर नेऊन पाहावी लागते, आणि तिथे एक गोष्ट लक्षात ठेवायची असते. पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला दोन-अडीच टक्के आडवा उतार असतो. दुभाजकाच्या महामार्गावर तो सहसा डावीकडे असतो आणि रुंद टायरची गाडी त्या उतारामागे किंचित जाते. हा दोष नव्हे. शंका असेल तर समोरचे दोन टायर डावे-उजवे अदलाबदल करून पाहतात. ओढ बाजू बदलली तर कारण टायरमध्ये आहे, कोनांत नाही. मात्र फिरण्याची दिशा ठरलेल्या टायरना ही अदलाबदल चालत नाही, आणि पुढचे-मागचे माप वेगळे असल्याने मागचे टायर पुढे आणण्याचीही सोय स्पोर्ट्स कारमध्ये बहुधा नसते.

चाकाचे नट गाडीच्या उत्पादकाने दिलेल्या टॉर्कनेच आवळतात, चांदणीच्या क्रमाने आणि टॉर्क रेंचने. मध्यभागी एकच नट असलेल्या अलीकडच्या पोर्शेत हा टॉर्क ६०० न्यूटन-मीटर असतो. हवेच्या बंदुकीने अंदाजे आवळलेले नट असमान बसतात आणि ब्रेकची तबकडी वाकडी होते. पुढची अलाइनमेंट केव्हा करायची हे फक्त किलोमीटरवर ठरवणे पुरेसे नाही. टायर बदलले, बुश किंवा आर्म बदलला, गाडीची उंची बदलली, खड्ड्यात जोराचा दणका बसला, की मोजणी पुन्हा व्हावी. वऱ्हाडात त्यात पावसाळ्यानंतरची एक तपासणी धरावी. माती आकसून रस्त्याची नवी वळकटी उघडी पडते ती तेव्हाच. दर वेळी यंत्रातून निघणारा आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा कागद गाडीत जपून ठेवावा. तोच कोन दोनदा त्याच दिशेने सरकलेला दिसला, तर झिजलेला सुटा भाग कुठल्या बाजूला शोधायचा हे त्या कागदावरून कळते.