गळाच्या छंदातून शेततळ्यातील मत्स्यव्यवसाय



अहमदनगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर) पावसाळा सरला, की मुळा-प्रवरेच्या काठी गळ टाकून बसणारे अनेक जण दिसतात. गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून तासन्‌तास पाण्याकडे बघत बसण्याची गोडी ज्यांना लागली, त्यांच्या मनात एक विचार हमखास येतो : या छंदातून चार पैसे का मिळवू नयेत? विचार चांगला आहे. मात्र छंदात एक मासा मिळाला तरी दिवस सार्थकी लागतो, धंद्यात खर्च वजा जाऊन काही उरले तरच. म्हणून सुरुवात नदीवर न करता आपल्या शेततळ्यात करावी.

शिकार व नदीतील मासेमारी : कायदा काय सांगतो?

प्रथम शिकारीबद्दल. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला. ससा, तितर, लावरी, घोरपड, काळवीट हे सर्व रानातील प्राणी-पक्षी त्याखाली संरक्षित आहेत. कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचे अभयारण्य १९८० साली काळविटांसाठीच राखले गेले. शिकार करणे आणि शिकारीचे मांस विकणे किंवा विकत घेणे हे गुन्हे असून त्यांत कैद होऊ शकते. तेव्हा शिकारीच्या छंदातून धंदा करण्याचा विचार कायमचा सोडून द्यावा.

धरणातील मासळीही कोणाच्या तरी हक्काची असते. मोठ्या जलाशयांतील मासेमारीचा हक्क शासन ठेक्याने देते व बहुतेक ठिकाणी तो मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. भोई व इतर मच्छीमार कुटुंबांचे पोट त्यावर चालते. परवानगीशिवाय तेथे जाळे टाकून मासळी विकणे म्हणजे त्यांच्या ताटातले ओढून घेणे होय. सुरुंगाची दारू किंवा विष वापरून मासे मारण्यास तर १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे.

आपल्या शेततळ्याची गोष्ट वेगळी आहे. डाळिंब, द्राक्ष, संत्रा बागांसाठी व राज्य शासनाच्या २०१६ च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेमुळे जिल्ह्यात शेततळी पुष्कळ झाली. त्या पाण्यावर बाग जगते, त्याच पाण्यात मासळीही वाढू शकते.

तळ्याची निवड

ज्या तळ्यात किमान आठ महिने पाच फुटांपेक्षा अधिक पाणी राहते, तेच निवडावे. आपल्या अवर्षणप्रवण भागात एप्रिल-मेमध्ये बागेला पाणी देता देता तळे तळाला जाते. अशा वेळी मासे तळ्यात असतील, तर बाग वाचवावी की मासे, असा पेच पडतो. यासाठी जुलै-ऑगस्टमध्ये बीज सोडून मार्च-एप्रिलपर्यंत मासळी काढण्याचे वेळापत्रक ठेवावे.

बीज : कोणते व किती?

पूर्वी कटला, रोहू, मृगळ यांचे बीज पुराच्या वेळी नदीतून गोळा करीत. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधुरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशात संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन या जातीच्या माशांचे प्रजनन यशस्वी केले. त्यामुळेच आज बीज केंद्रातून खात्रीचे बीज मिळते. १० जुलै हा दिवस देशात मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात व मृगळ तळाशी चरतो. तिघांचे अन्न वेगवेगळे असल्याने एकाच तळ्यात ते एकमेकांच्या ताटात हात घालीत नाहीत. ३० × ३० × ३ मीटरच्या तळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. अशा तळ्यात नवख्याने ५०० पेक्षा जास्त बीज सोडू नये. प्लॅस्टिकच्या तळ्यात तळाशी माती नसते, म्हणून मृगळ कमी ठेवावा : कटला २००, रोहू २०० व मृगळ १००.

स्वस्त मिळते म्हणून बारीक जिरे आणू नये. तीन ते चार इंचांची बोटुकलीच घ्यावी. लहान बीज बेडूक, पाणकिडे व पक्षी फस्त करतात. बीजाची पिशवी उघडण्यापूर्वी १५ ते २० मिनिटे तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, नंतर थोडे थोडे तळ्याचे पाणी पिशवीत घालून मासे आपणहून बाहेर पडू द्यावेत. थाई मांगूर कोणी कितीही आग्रह केला तरी आणू नये. तो इतर मासे खातो व त्याच्या पालनास देशात बंदी आहे.

खाद्य व पाण्याची काळजी

शेंगदाणा पेंड व भाताचा कोंडा समप्रमाणात घेऊन भिजवावा व ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी द्यावा. माशांच्या एकूण वजनाच्या सुमारे ३ टक्के खाद्य रोज पुरते. उदाहरणार्थ, ४०० मासे सरासरी १०० ग्रॅमचे असतील तर एकूण वजन ४० किलो व रोजचे खाद्य १ किलो २०० ग्रॅम. दर महिन्याला पाग टाकून २०-२५ मासे काढावेत, वजन करावे, वहीत लिहावे व त्यानुसार खाद्य वाढवावे. मासे काढण्याची आपली हौस येथे कामी येते.

शेणखत गोणीत भरून पाण्यात टांगावे. त्याने पाण्यात प्लवंग, म्हणजे माशांचे नैसर्गिक खाद्य तयार होते. पाणी योग्य आहे का, हे पाहण्यासाठी हात कोपरापर्यंत पाण्यात घालावा. कोपर बुडताना तळवा दिसेनासा झाला तर पाणी ठीक. मनगट बुडतानाच तळवा दिसेनासा झाला तर शेणखत व खाद्य थांबवून नवे पाणी सोडावे. पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडू लागले, तर पाण्यातील प्राणवायू कमी झाला असे समजावे. अशा वेळी पंपाने तळ्यातीलच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखे पाडावे.

पुढील चुकांमुळे भरले तळे एका रात्रीत रिकामे होऊ शकते :

१) शेवाळ मारण्यासाठी मोरचूद टाकणे. मासे असलेल्या तळ्यात मोरचूद टाकू नये.

२) फवारणीचा पंप तळ्यात धुणे किंवा औषध फवारलेल्या बागेचे पाणी तळ्यात येऊ देणे.

३) पाणकावळे व खंड्या यांचा बंदोबस्त बंदुकीने वा गलोलीने करणे. हे पक्षीही संरक्षित आहेत. तळ्यावर दोऱ्या किंवा जाळी बांधावी.

मुला-माणसांचा जीव सर्वात मोठा

प्लॅस्टिकचा उतार ओला झाला की पाय ठरत नाही. पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. मासे पाहायला मुले येणारच, हे गृहीत धरावे. तळ्याला कुंपण व कुलूप, चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर आणि हवा भरलेली ट्यूब एवढी सोय झाल्याशिवाय बीज सोडू नये.

हिशेब व विक्री

५०० पैकी ३५० मासे जगले व प्रत्येक ७०० ग्रॅमचा झाला असे समजू. उत्पादन २४५ किलो. एक किलो मासळीसाठी साधारण दोन किलो खाद्य लागते असे धरले, तर खाद्य ४९० किलो. आता आपल्या बाजारातील मासळीचा ठोक भाव व पेंड-कोंड्याचा दर घालून आकडेमोड करावी. त्यात बीज, वाहतूक व स्वतःची मजुरी मिळवावी. पहिल्या वर्षी तळ्यावर चरितार्थ चालणार नाही. हा जोडधंदा आहे, हे ओळखूनच त्यात उतरावे.

सर्व मासळी एकाच दिवशी काढली तर व्यापारी भाव पाडतो. आपल्याकडे बुधवार, शुक्रवार व रविवारी मागणी असते, धुळवडीला ती आणखी वाढते. त्या दिवसांच्या आदल्या संध्याकाळी लागेल तेवढीच मासळी काढून ताजी, शक्य तर जिवंत विकावी. श्रावणाचा महिना विक्रीत धरूच नये. जाळे ओढताना त्याच्या वजनांनी प्लॅस्टिक फाटणार नाही, याची दक्षता घ्यावी.

हौशी माणसाला गिऱ्हाईक करा

शहरातही गळाची हौस असलेले पुष्कळ लोक आहेत, पण त्यांना तळे नाही. डिसेंबर-जानेवारीत आपल्या जिल्ह्यात हुरडा खायला पाहुणे येतात. तोपर्यंत मासळी अर्ध्या किलोच्या आसपास होते. हुरड्याबरोबर दोन तास गळ टाकण्याची सोय ठेवल्यास माणशी शुल्क व पकडलेल्या मासळीचा किलोवर भाव, असे दुहेरी उत्पन्न मिळते. एक नियम मात्र पाळावा : गळाला लागलेला मासा पाहुण्याने विकत घ्यायचा, जखमी मासा परत तळ्यात टाकायचा नाही. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० पासून लागू आहे. त्याखाली नोंदणी करून घ्यावी.

बीज, अनुदान व पीक कर्जाप्रमाणे मिळणारे किसान क्रेडिट कार्ड यांची माहिती जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात मिळेल. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातही चौकशी करावी. त्याआधी एक काम घरीच करता येईल : यंदाच्या उन्हाळ्यात आपल्या तळ्यात काठी रोवून तिच्यावर फुटांच्या खुणा कराव्यात आणि दर आठवड्याला पाणी किती उतरले ते लिहून ठेवावे. तळ्यात मासे सोडावेत की नाही, हे ती काठीच सांगेल.