विरणारी गाठ आणि न उघडणारं तोंड

कर्करोगाची गाठ कधीकधी उपचारांवाचून विरते, ही थाप नाही. टिल्डन एव्हरसन आणि वॉरन कोल या अमेरिकी शल्यविशारदांनी १९०० पासूनच्या वैद्यकीय नोंदी चाळून अशा १७६ रुग्णांचा संग्रह १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. साठ हजार ते एक लाख रुग्णांत एखादा, असा अंदाज सांगितला जातो. तेव्हा ‘अमक्याच्या मामांची गाठ जडीबुटीनं गेली’ असं वाडीत कुणी सांगितलं, तर त्याला लगेच खोटारडा ठरवू नये. मात्र गाठ गेली म्हणून ती जडीबुटीनंच गेली, हे सिद्ध होत नाही. तुकडा काढून तपासला होता का, की क्षयाची गाठच कर्करोग समजली गेली, हे आधी विचारावं. शिवाय एव्हरसन-कोल यांनी अर्धवट किंवा काही काळापुरत्या विरलेल्या गाठीही मोजल्या होत्या. विरणं म्हणजे बरं होणं नव्हे, हे त्यांनीच बजावलं होतं.

गाठ विरते ती बहुधा शरीराच्या प्रतिकारशक्तीमुळे. न्यूयॉर्कच्या विल्यम कोली यांना जुन्या नोंदींत मानेवर गाठ असलेला एक रुग्ण सापडला. त्वचेच्या जंतुसंसर्गानं तो तापला आणि गाठ नाहीशी झाली. १८९१ पासून कोली मुद्दाम जंतू टोचू लागले. गुण कधी येई, कधी येत नसे, आणि ताप जिवावर बेतू शके. पण प्रतिकारशक्ती चेतवण्याचा धागा तुटला नाही. मूत्राशयाच्या कर्करोगावर बीसीजी लस वापरली जाऊ लागली आणि आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून घडलेल्या नेक्सकार-१९ या पेशी-उपचाराला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. चमत्कार म्हणून हात जोडले असते, तर यातलं काहीच हाती आलं नसतं.

‘मग थोडं थांबून पाहायला काय हरकत आहे?’ हा प्रश्न रास्त आहे. तान्ह्या बाळांच्या न्यूरोब्लास्टोमा या कर्करोगात डॉक्टर खरोखरच थांबतात. जपाननं सहा महिन्यांच्या बाळांची लघवी सरसकट तपासली, तेव्हा आपसूक विरल्या असत्या अशा कितीतरी गाठी सापडल्या आणि मृत्यू मात्र घटल्याचं ठामपणे दिसेना. २००४ मध्ये ती मोहीम बंद झाली. पण तिथे कोणती गाठ विरते हे ठाऊक असतं आणि बाळावर सतत नजर असते. एव्हरसन-कोल यांच्या निम्म्याहून अधिक नोंदी चारच प्रकारच्या कर्करोगांच्या होत्या; विदर्भात घरोघरी धास्ती असलेला तोंडाचा कर्करोग त्या चारांत नाही. आणि थांबून जे गेले, त्यांची गोष्ट सांगायला कुणी येत नाही.

विदर्भातल्या पानठेल्यांवर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून खर्रा तयार होतो. त्यानं तोंडात उठणारा पांढरा चट्टा कर्करोगाच्या आधीची पायरी असू शकतो, आणि खर्रा सोडल्यावर तो पुष्कळदा मावळतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या फली मेहता, प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी ३६ हजार तंबाखू सेवन करणाऱ्यांचा अभ्यास १९८६ मध्ये मांडला. ज्यांना समजावून सांगितलं, त्यांच्यात इतरांपेक्षा जास्त जणांनी तंबाखू सोडली आणि नवे चट्टेही कमी उठले. अर्थात चट्टा डॉक्टरांना दाखवायचाच. सुपारीनं गाल आतून ताठरतात, त्याचं मात्र तसं नाही. तोंडात उभी तीन बोटं मावेनाशी झाली, की खर्रा सुटला तरी ते तोंड सहसा पूर्वीसारखं उघडत नाही.