लिंक आहे, लेख नाहीत!

यंदा आपल्या ई-अंकाचं संपादन माझ्याकडे आलं. पहिलं काम जुने अंक गोळा करण्याचं, आणि तिथेच गाडी अडली. ग्रंथालयात 2006 च्या अंकाची सीडी मिळाली, पण फाईल उघडल्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची नुसती खिचडी दिसली. गेल्या वर्षीचे लेख वेबवरच्या एका सामायिक फाईलमध्ये होते. ती फाईल एका सीनियर ताईच्या खात्यावर होती आणि ती पास होऊन गेल्यावर तिचं ते कॉलेजचं खातं बंद झालं. लिंक आहे, लेख नाहीत! म्हणून हा विषय जरा नीट समजून घेतला.

डेस्कटॉप सॉफ्टवेअर म्हणजे आपल्या संगणकात इन्स्टॉल केलेला प्रोग्राम, जसं मायक्रोसॉफ्ट वर्ड किंवा लिबरऑफिस रायटर. फाईल आपल्याच डिस्कवर राहते. वेबवरचं ऑफिस मात्र ब्राउझरमध्ये चालतं आणि फाईल कंपनीच्या सर्व्हरवर राहते. गूगलने 2006 मध्ये 'रायटली' ही सेवा विकत घेतली, तिच्यातून गूगल डॉक्स आलं. मायक्रोसॉफ्टनेही 2010 मध्ये वर्ड आणि एक्सेल ब्राउझरमध्ये आणलं.

वेबचा खरा फायदा एकत्र काम करण्यात आहे. आपण टाईप करतो तेव्हा दर वेळी अख्खी फाईल जात नाही. 'इथे हे अक्षर घातलं, तिथलं ते काढलं' एवढाच छोटा बदल सर्व्हरकडे जातो. सर्व्हर सगळ्यांचे बदल जुळवून सगळ्यांना दाखवतो. त्यामुळे 'फायनल', 'फायनल 2', 'आता खरंच फायनल' अशा फाईली मेलवर फिरत नाहीत. कोणी चुकून परिच्छेद उडवला तरी जुनी आवृत्ती परत आणता येते.

पण नेट हवं. आमची एक मैत्रीण जांबोटीकडची. पावसाळ्यात तिच्याकडे लाईट गेली की रेंजही जाते. ऑफलाइनची सोय असते, पण ती नेट असतानाच चालू करून ठेवावी लागते. शिवाय दोनशे पानांचा प्रबंध, तळटीपा, छपाईची मांडणी अशी जड कामं डेस्कटॉपवर जास्त सोयीची पडतात.

आता त्या सीडीबद्दल. तिथे दोष फॉन्टचा होता. त्या काळी वापरात असलेले बरेच मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवत. फॉन्ट नसला की आतली इंग्रजी अक्षरं उघडी पडत. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. 'क' चा 0915, मग तो मोबाईलवर लिहा की लॅबमध्ये. आम्ही फॉन्ट कन्व्हर्टर वापरला, वेलांट्या आणि जोडाक्षरं हाताने सुधारली आणि 2006 चे सगळे लेख परत मिळाले!

गंमत बघा, जी फाईल मेली असं वाटलं ती जगली, कारण ती आपल्या हातात होती. नवी फाईल गेली, कारण आपल्या हातात फक्त पत्ता होता. ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये दिसणारी गूगल डॉक्सची फाईलसुद्धा नुसती लिंकच असते. मजकूर आपल्याकडे हवा असेल तर तो डाउनलोड करावा लागतो.

अभ्यासक्रमातलं फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' आठवा. 1616 मध्ये ते छापलं गेलं, पण त्या छपाईची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो लोकांनी हाताने उतरवून घेतलेल्या नकलांमुळे.

म्हणून यंदापासून नियम केलाय. लिहायचं वेबवर, सगळ्यांनी मिळून. अंक निघाला की त्याच दिवशी प्रत्येक लेख युनिकोडमध्ये, ओडीटी आणि पीडीएफ करून ग्रंथालयाच्या संगणकावर आणि दोन पेनड्राइव्हवर ठेवायचा. ओडीटी का? तो कुणा एका कंपनीचा नसलेला खुला नमुना आहे आणि 2006 पासून आयएसओ मानक आहे.

आणि एक विनंती. गेल्या वर्षी ज्यांनी लेख दिला होता, त्यांनी आपला मोबाईल, मेल, जुना पेनड्राइव्ह एकदा तपासा. कच्चा खर्डा सापडला तरी चालेल, पाठवा. तो अंक पुन्हा उभा करायचाय.