नव्या चष्म्याने गरगरते?

"डॉक्टर, चष्मा चुकला. मान वळवली की जमीन हलते," असे म्हणत एक आजोबा दवाखान्यात आले. जिन्यावर पडता पडता वाचले होते. नंबर बरोबर होता.

वाचकहो, मानेचे दुखणे नसेल तर हा अंक स्थिर धरून मान भराभर डावी-उजवीकडे हलवा. अक्षरे वाचता येतील. आता मान स्थिर ठेवून अंकच तेवढा हलवा. अक्षरे पुसट होतील. मान वळताच कानातील तोलाचे इंद्रिय सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात डोळ्यांना उलट फिरवते. काय दिसले हे कळेपर्यंत ते थांबत नाही. मात्र डोळे किती फिरवायचे, हा हिशेब जुन्या चष्म्याचा असतो. मायनस भिंग वस्तू लहान दाखवते, प्लस मोठी. नंबर बराच बदलला की हिशेब चुकतो आणि चित्र सरकते. ते सरकलेले पाहूनच लहान मेंदू हिशेब नव्याने बसवतो.

म्हणून चष्मा सारखा काढ-घाल करू नका (मीही हीच चूक केली होती). आठ-पंधरा दिवस नेटाने वापरा, जिन्यावर कठडा धरा. तरीही गरगरल्यास नंबर पुन्हा तपासा. एकाएकी दोन-दोन दिसू लागले किंवा जीभ जड झाली, तर मात्र चष्म्याला दोष न देता थेट रुग्णालय गाठा.